आधी कॉर्ड, मग गाणं

“कूलर बंद कर वं,” प्रशिक म्हणाला. “माइकमध्ये घरघर येऊन राहिली.”

“कूलर बंद झाला तर मी पण बंद पडीन, सांगून ठेवते,” नंदिनी म्हणाली. पण उठली आणि बटण दाबलं.

पंखा आधीच बंद होता. खिडकीला दिवाणावरची गादी उभी लावली होती, दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली होती. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद पडायला दोनच कारणं लागतात: वीज जाते किंवा टाकीतलं पाणी संपतं. कला हे तिसरं कारण बेसा भागातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदाच पुढे येत होतं. स्वयंपाकघरात नंदिनीची आई, अंजनाबाई, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसल्या होत्या. भांडं वाजवायचं नाही, फोडणी घालायची नाही, खोकला आला तर बाथरूममध्ये जाऊन खोकायचं, असे त्यांना हुकूम होते. त्या पारशिवनीहून आल्या होत्या लेकीच्या ऑपरेशनसाठी आणि सापडल्या होत्या जावयाच्या स्टुडिओत.

ऑपरेशन बुधवारी होतं. नंदिनीच्या गळ्यावरची गाठ वर्षभर साडीच्या पदराआड वाढत होती. गाठ साधी आहे, पण काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपतोच, तरी सही घ्यावी लागते, हेही सांगितलं.

“बोलता येईल ना?” नंदिनीनं विचारलं होतं.

“बोलता येईल,” डॉक्टर म्हणाले, आणि सहीचा कागद पुढे सरकवत, “बहुतेक.”

गाण्याचं कोणी विचारलं नाही. प्रशिकच्या ओठांवर आलं होतं. पण बाहेर एवढे पेशंट ताटकळत असताना गाण्याचं काय विचारायचं, म्हणून त्यानं ते गिळलं. घरी येताना स्कूटरवर मात्र तो म्हणाला, “रविवारी तुह्या बाबांचं गाणं रेकॉर्ड करून घेऊ.” नंदिनीनं त्याच्या पाठीमागून “हं” म्हटलं. ऑपरेशन होण्याआधी एकदा ते गाणं नीट घरात यावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि त्या गाण्याखाली कॉर्ड आपले असावेत, हेही. ही दुसरी इच्छा पहिलीच्या पोटात दडून आली होती. अशा इच्छा नेहमी अशाच येतात, तिकीट न काढता.

प्रशिक हिंगण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. कोणी चिठ्ठी आणली की त्या मापाचा बेअरिंग, त्या मापाचा बोल्ट कप्प्यातून काढून द्यायचा. ज्या मशीनला तो पार्ट बसायचा ते मशीन त्यानं क्वचितच पाहिलेलं असे. उरलेलं आयुष्य त्यानं कॉर्डला दिलं होतं. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवायचे आणि गाण्याखाली सतरंजीसारखे अंथरायचे. एकीनंतर कुठली सतरंजी अंथरायची, यात सगळी खुबी. जाणकार लोक हे पियानोवर बोटं फिरवून करतात. प्रशिकची बोटं फिरत नसत. लहानपणी विहारातल्या पेटीला मोठी पोरंच हात लावत आणि हा लाईनीत उभा राही; लाईन पुढे सरकायच्या आत तो स्वतःच मोठा झाला. मग कधीतरी त्याला लॅपटॉपवरचं ते सॉफ्टवेअर सापडलं. त्यात कॉर्डच्या रंगीत चौकटी तयारच असत. माऊसनं उचलायची आणि ओळीत ठेवायची. शिवाय एकदा पट्टी ठरवून दिली की चुकीचा सूर लागूच देत नसे. अशी सोय सासुरवाडीत, ऑफिसात, कुठेच नसते. प्रशिक तिच्यावर भाळला यात नवल नाही.

त्याला खरंच कळत होतं, हे सांगायला हवं. कुठल्या उदास चौकटीनंतर कुठली ठेवली की छातीत हललं पाहिजे तिथंच हलतं, हे त्याला कुणी न शिकवता कळत होतं. पण त्याच्या कॉर्डांवर गाणारं कोणी नव्हतं. लॅपटॉपमध्ये ‘सॅड’, ‘सॅड नवीन’, ‘फायनल’, ‘खरं फायनल’ अशा नावांच्या फाइली साचल्या होत्या. अंथरूण टाकून ठेवलंय आणि पाहुणा नाही. कारखान्यात डब्याच्या सुट्टीत ऋषिकेश नावाच्या सोबत्याच्या कानात त्यानं एकदा इयरफोन घातला. ऋषिकेशनं भाजी-पोळी संपेपर्यंत मनापासून ऐकलं आणि विचारलं, “मस्त आहे गा. गाणं कवा सुरू होते?”

गाणं घरात होतं. लग्नाआधी नंदिनी विहारातल्या कार्यक्रमात गायची आणि तेच ऐकून प्रशिकनं होकार कळवला होता. पुढे त्या आवाजाचा खर्च कसा झाला, याचा हिशेब मांडायला बसलं तर कोणा एकाच्या नावावर रक्कम टाकता येणार नाही. थोडा अंगणवाडीतल्या बडबडगीतांत गेला, थोडा मुलीला उठवण्यात. ती आता पुण्याला शिकत होती. थोडा “गाशील गं नंतर” असं म्हणणाऱ्यांनी वापरला. नवऱ्याच्या कॉर्डांवर गायचं मात्र राहून गेलं, कारण कॉर्ड कधी पुरे झाले नाहीत. प्रशिक म्हणायचा, अजून थोडं बाकी आहे.

विहारात पेटी वाजवणारा रविंद्र ऑपरेशनचं ऐकून फोनवर म्हणाला होता, “जय भीम भाऊ. रविवारी पेटी घेऊन येतो ना मी. वहिनी गातीन, मी नुसता मागं मागं चालतो.”

“नको गा,” प्रशिक म्हणाला होता, “म्युझिक तयार आहे माह्याजवळ.”

अंजनाबाईंनीही सुचवून पाहिलं. “येऊ द्या ना त्या पोराले. तिचे बाबा पेटीवरच म्हणत.”

“आई, आता पेटीचा जमाना राहिला का?”

खरी गोष्ट अशी की रविंद्र आला असता तर गाणं नंदिनीचं झालं असतं, पेटी रविंद्रची, शब्द सासऱ्यांचे. प्रशिकच्या खात्यावर काय पडलं असतं? कूलर बंद केल्याचं पुण्य.

“आता नुसतं म्हण,” तो म्हणाला. “म्युझिकशिवाय. आवाज किती येते ते पाहतो.”

नंदिनी दिवाणावर मांडी घालून बसली. डोळे मिटले. तिचे वडील रुपरावजी पारशिवनीला शाळेत शिपाई होते, आणि हे एकच गाणं त्यांनी आयुष्यात रचलं होतं.

“माय गेली पाण्याले…”

तो ‘ले’ तिनं धरला, हळूहळू खाली आणला, आणि सोडून दिला. मग ती थांबली. पाणी आणायला गेलेल्या आईची वाट पाहणारं पोर उंबऱ्यावर जितका वेळ थांबेल तितका वेळ. ते किती हे तिलाही ठाऊक नसायचं. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरला, आणि तेव्हा कुठे दुसरी अर्धी ओळ आली:

“…दिस गेला झाडामागं.”

अख्खं कडवं झालं. स्वयंपाकघरात अंजनाबाईंच्या हातातलं वर्तमानपत्र वारा घालायचं थांबलं होतं. “असंच म्हणत ते,” त्या आतून म्हणाल्या. भांडं न वाजवण्याचा हुकूम होता, बोलण्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं.

प्रशिक पडद्याकडे पाहत होता. आवाज व्यवस्थित आला होता. त्यानं त्याच्याखाली आपले कॉर्ड लावून पाहिले. पहिले दोन बसले, आणि मग सगळं घसरलं. नंदिनी अजून ‘पाण्याले’वर होती आणि कॉर्ड झाडामागं जाऊन परतही आले होते.

“चांगलं झालं,” तो म्हणाला, “पण बसून नाई राहिलं.”

“काय नाई बसून राहिलं?”

“तू मधात थांबली.”

“थांबाच लागते तिथं. माय यायची आहे ना अजून.”

“हे पाह्य. हेडफोनमध्ये टकटक येईन. चार टकटक झाल्या का पुढं जायचं.”

“ते थांबत नाई का जरासं?”

“ते कसं थांबन? मशीन आहे.”

“मंग तुमी थांबवा. रविंद्रभाऊ थांबते तसं.”

“मले वाजवता येते का?” प्रशिक हसून म्हणाला. सगळ्या आयुष्यातली ही त्याची सर्वांत खरी कबुली होती. हसत दिल्यामुळे ती वाया गेली.

नंदिनीनं हेडफोन उचलले, मग विचारलं, “ते पयलंवालं ठेवता का?”

“रफ आहे ते. लॅपटॉप हँग होते मंग. डिलीट मारतो.”

आणि मारलं. कचरापेटीही रिकामी केली. या बाबतीत तो टापटिपीचा होता. स्टोअरमधली सवय.

मग सुरू झालं. पहिल्या खेपेला ती टकटकीच्या मागे राहिली. दुसऱ्या खेपेला धावत पुढे गेली. प्रशिक दर वेळी हात वर करून म्हणे, “पुन्हा.” शेजाऱ्यांचा मिक्सर लागला, तो थांबेपर्यंत सगळे थांबले, मिक्सरसाठी थांबता येत होतं. नंदिनीच्या कपाळावरून घाम ओघळून गळ्याच्या गाठीवरून खाली जात होता. ती गुडघ्यावर बोटानं टकटक मोजू लागली. नवी नोकरी लागलेला माणूस जसा साहेबाच्या मागून चालतो तशी ती त्या टकटकीमागून चालू लागली.

“जवाई,” अंजनाबाई दारात येऊन म्हणाल्या, “पोट्टीले घोटभर पाणी तं पिऊ द्या.”

“झालंच आई. एकच डाव.”

एक डाव म्हणता म्हणता दुपार तापली. शेवटी एक खेप अशी आली की सगळं जागच्या जागी बसलं. ‘पाण्याले’, चार टकटक, ‘दिस गेला’. पडद्यावर तिच्या आवाजाचे डोंगर चौकटींच्या कडेला कड लावून उभे राहिले. प्रशिकच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही नोंदवायला हवं. त्याच्या अंथरुणावर पाहुणा आला होता.

“एकदम परफेक्ट,” तो म्हणाला.

“झालं?”

“झालं.”

“कूलर लावू?”

तिनं कूलर लावला आणि त्याच्या तोंडाशी पाठ करून बसली. ऐकवा म्हणाली नाही. प्रशिकनं हेडफोन सासूबाईंच्या कानांवर चढवले. त्यांनी गाणं शेवटापर्यंत ऐकलं, पदर सारखा करून.

“बाजा छान वाजून राहिला,” त्या म्हणाल्या.

“आन् नंदिनी?”

“नंदीचं बरोबर हाये सारं. शाळेत पाहुणे आले का पोट्टी कविता म्हणते ना, तशी म्हणून राहिली.”

जावयानं यातलं ‘बरोबर’ तेवढं उचललं.

बुधवारी नंदिनीला आत नेल्यावर प्रशिक बाकावर बसला. वेळ जावा म्हणून त्यानं लॅपटॉप आणला होता. हॉस्पिटलच्या बाकावर लोक पोथी उघडतात, मोबाइल उघडतात. यानं चौकटी उघडल्या. आवाज बंद ठेवून तो नुसता पाहत होता. कुठलाही विचार न करता त्यानं माऊसचं बोट एका चौकटीवर ठेवलं आणि ती बाजूला ओढली. चौकट सरकली.

इतकी वर्षं ती सरकतच होती. त्यानं दुसरी सरकवली. तीही सरकली.

नंदिनीनं म्हटलेलं ते पहिलं ठेवायचं होतं. ती जिथं थांबली तिथं एक चौकट लांबवायची, पुढची आणखी पुढे ढकलायची. अर्ध्या तासाचं काम. बोटं फिरायची गरज नाही, पेटी नको, रविंद्र नको. त्यानं इतकी वर्षं आधी कॉर्ड केले होते, मग गाण्याची वाट पाहिली होती. गाणं कधी आलंच नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाकडे सरकायचं हा प्रश्नच उठला नव्हता. आणि रविवारी तो उठला तेव्हा त्यानं बायकोला सरकवलं.

“काय झालं जवाई?” अंजनाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या. “डॉक्टर काही बोलले काय?”

“नाई,” प्रशिक म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. अजून काही बिघडलं नव्हतं. ती बाहेर येईल, बरी होईल आणि पुन्हा म्हणेल. त्या बाकावर तो एवढ्याच गोष्टीला धरून बसला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधीच निघाली. आवाज बसला होता. डॉक्टर म्हणाले, सूज असते, येईल. मग म्हणाले, काही महिने बघू. डिलीट झालेली फाइल परत काढून देतो अशी पाटी लावलेल्या सीताबर्डीतल्या एका दुकानात प्रशिक लॅपटॉप घेऊन गेला. दुकानदारानं बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, “भैया, उसके ऊपर दूसरा चढ़ गया. अब नीचे कुछ नहीं.”

नंदिनी अंगणवाडीत परत गेली. तिचा आवाज आता कागद घासल्यासारखा यायचा, आणि एका वाक्यात दोनदा दम संपायचा. पोरांना वाटलं, बाई गुपित सांगताहेत. मग पोरंही कुजबुजत उत्तर देऊ लागली. त्या खोलीत दिवसभर सगळे एकमेकांशी कुजबुजत, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटे आत पोरं झोपलीत.

पाऊस येऊन गेला, थंडी आली. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. एका बाजूची नस हलत नाही, म्हणाले. आता जे आहे ते असंच धरून चाला. प्रशिकनं या वेळी विचारलं, “गाणं, साहेब?” डॉक्टरांनी फाइल मिटली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या पेशंटचं नाव बाहेर पुकारलं गेलं होतं.

त्या संध्याकाळी तो नंदिनीला म्हणाला, “ते पयलंवालं… मी…”

“माहीत आहे,” ती त्या कागदी आवाजात म्हणाली. “माह्यासमोरच तं मारलं.”

“तवा काहून नाई बोलली?”

“बोलली ना.” तिनं दम घेतला. “विचारलं होतं, ठेवता का म्हून.”

एवढं बोलून ती मेथी निवडायला बसली. तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला तो परतफेडीसारखा घेता आला असता. नव्हता.

मग प्रशिकनं एक प्रयत्न करून पाहिला. ती परफेक्ट खेप त्यानं उघडली, ‘पाण्याले’ संपलं तिथं कापली, आणि पुढचा तुकडा लांब ओढला. मधे थांबा आला. हवा तेवढा आला. वाढवता येत होता, कमी करता येत होता. त्यानं डोळे मिटून ऐकलं. कापल्या जागी, अगदी टोकाला, नंदिनीनं पुढच्या शब्दासाठी घाईनं घेतलेला श्वास होता. टकटक चुकू नये म्हणून घेतलेला. त्या श्वासानंतर कितीही शांतता घातली तरी तिच्यात कोणी कोणाची वाट पाहत नव्हतं. त्यानं तो श्वासही कापून पाहिला. मग नुसतं भोक राहिलं.

फाइलीला त्यानं नाव दिलं नाही. त्यानंतर तो नव्या फाइली करताना दिसला नाही. टेबलाखाली सारलेल्या लॅपटॉपवर धूळ चढली, तीही नंदिनीच पुसायची.

पुढच्या मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला, दोघं विहारात गेली. गर्दी होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पूर्वी वंदनेची सुरुवात नंदिनी करायची आणि सगळा हॉल तिच्या चालीनं चालायचा. आता माइक सिंधूताईंकडे होता. सिंधूताईंचा आवाज खणखणीत, पण त्यांना घरी पाहुणे आल्यासारखी घाई असायची. हॉल त्यांच्यामागून निघाला.

प्रशिक मधल्या वाटेच्या अलीकडे, नंदिनीच्याच रांगेत होता; मान किंचित फिरवली की ती दिसे. इतकी वर्षं तो या गर्दीतून तिचा आवाज डोळे मिटून वेगळा काढायचा. आता डोळे उघडे ठेवावे लागले. तिचे ओठ हलत होते. दर ओळीला मधेच दम संपायचा, तेवढ्यात इतर पुढे निघून गेलेले असायचे, आणि ती मागून, न टाळता, एकेक शब्द पुरा करत यायची. कोणाच्या लक्षात येत नव्हतं. ऐकूच येत नव्हतं तर लक्षात काय येणार?

कधी ते त्यालाही कळलं नाही, पण तो सिंधूताईंना सोडून तिच्या ओठांबरोबर म्हणू लागला. ती थांबली की थांबायचा. शेजारच्या माणसानं एकदा त्याला कोपरानं ढोसलं, पुस्तकातली ओळ बोटानं दाखवली. प्रशिकनं मान हलवली आणि मागच्याच ओळीवर राहिला.

वंदना संपली. सिंधूताईंनी माइक खाली ठेवला, हॉल शांत झाला. नंदिनीचे शेवटचे शब्द अजून बाकी होते. तिच्याकडून काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होता तो फक्त प्रशिकचा आवाज, जाडाभरडा, पट्टीत नसलेला, भरल्या हॉलमध्ये एकटा. विहाराचे जुने कार्यकर्ते भैय्याजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. मागे कोणी पोरगी हसली.

नंदिनीनं शब्दाच्या मधेच श्वास घेतला. प्रशिक थांबला. सगळे त्याच्याकडे पाहत होते आणि तो तिच्या ओठांकडे. मग ते हलले, आणि उरलेला शब्द त्यानं म्हटला.